शेगडीची ऊब

ओव्याची धुरी कुठं दिली असली तरी मला तिचा वास लांबून कळतो. शिरोळकडच्या सासरी लेकाची पाचवी पूजून दोनच दिवस झाले होते. बाजेखाली शेगडी, खिडक्या बंद, आणि बाळ सकाळपासून रडलंच नव्हतं. दूधही ओढत नव्हतं. मधूनच त्याच्या ओठांचा एकच कोपरा हसल्यासारखा हलायचा आणि डोळे आढ्यावर खिळायचे. "सटवाई हसवतीया त्याला," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. मीही हसले. अंग तापलेलं होतं, ती मला शेगडीची ऊब वाटली. दुपारी वजन करायला आलेल्या आशाताईंनी त्याला उचलून दारापाशी नेलं, काखेत थर्मामीटर धरला आणि त्या ओरडल्याच, "वैनी, शेगडी तिकडं ऱ्हायली, ह्याचं अंग हितंबी पेटलंय की! आन् ह्ये हसणं न्हवं, झटकं यायल्यात. गाडी काढा आधी!" कोल्हापूरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत कितीतरी दिवस काढल्यावर ते वाचलं. आता तो दिवसभर गल्ली डोक्यावर घेतो, आणि मी त्याला कधी गप्प बस म्हणत नाही. पण झोपेत हसला, की अजूनही हलवून जागा करते.