दमयंतीबाईंचा आवाज

माझ्या बायकोचा आवाज हर्णेच्या बंदरावर तयार झाला. तिची आई सगुणा तिथे संध्याकाळच्या लिलावात मासळी घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी दापोलीत विकायची. होड्या लागल्या की बंदरावर असा गलका उठतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्या गलक्यातून आईपर्यंत हाक पोचवायला दमयंती लहानपणीच शिकली. पुढे डी.एड. झाली, शिक्षिका झाली, लग्न होऊन सावर्ड्याला आली, पण आवाज बंदरावरचाच राहिला. तिने स्वयंपाकघरातून "अहो!" म्हटलं की समोरच्या दुकानात बसलेले दोन-तीन नवरे दचकून उठायचे.

सावर्ड्यापासून आत, डोंगराला टेकलेल्या एका वाडीत तिची जिल्हा परिषदेची शाळा. शिक्षिका ती एकटीच. पहिली ते चौथी सगळे एका खोलीत. एका कोपऱ्यात मुळाक्षरं, दुसऱ्या कोपऱ्यात भागाकार, आणि मधल्यांनी मारामारी करायची नाही, हा सगळा कारभार तिने इतकी वर्षं आवाजाच्या जोरावर चालवला. छडी तिने कधी हातात धरली नाही, तिला गरजच नव्हती.

मागच्या उन्हाळ्यात तो आवाज फाटायला लागला. आधी मिठाच्या गुळण्या झाल्या, मग ज्येष्ठमध, मग शेजारणींचे काढे. शेवटी चिपळूणच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं. स्वरयंत्रावर गाठी आल्या होत्या.

"बाई, गणपती जाईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही," डॉक्टर म्हणाले. "कुजबुजायचंसुद्धा नाही. ऐकलं नाहीत तर आहे तोही आवाज जाईल, आणि मग मी काही करू शकणार नाही."

बाहेर येऊन दमयंती बाकावर बसली. डोळ्यांत पाणी, आणि हुंदकाही द्यायचा नाही म्हणून पदर तोंडात धरलेला. तिला तसं बघून मी पार हललो.

मी लोट्याला एका केमिकल कंपनीत आहे, प्रेशर आणि तापमान दाखवणारी यंत्रं दुरुस्त करतो. कंपनीच्या बसमध्ये बातमी कळली तशी एकेकाने माझी पाठ थोपटली. "सुटलास रे बाबा! आता घरात शांतता." असले विनोद करणाऱ्यांच्या घरी एक आठवडा बायको गप्प बसली पाहिजे, म्हणजे घर किती मोठं असतं ते कळेल. मी एकाला तसं तोंडावर सुनावलं. तेव्हापासून बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी असते.

"रजा घे," मी तिला म्हणालो. तिने पाटी ओढली आणि लिहिलं, 'माझ्या जागी कोण येणार? पोरं पांगतील.'

ते खरंच होतं. वाडीत मुलं मोजकी. सावर्ड्याच्या एका इंग्रजी शाळेची पिवळी गाडी वाडीच्या फाट्यापर्यंत यायला लागली होती. चार-पाच मुलं तिकडे गेली की पट घसरणार आणि शाळेला कुलूप लागणार, आणि एकदा लागलेलं ते कुलूप निघाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. मुलांचे बाप बहुतेक मुंबईला. त्यांनी फोनाफोनी करून ठरवलं, गणपतीला गावी आलो की बघू. मुक्या बाईकडे पोरं शिकली तर ठीक, नाहीतर पोरं गाडीत बसवू. 'मुकी बाई' हा शब्द दमयंतीच्या कानावर आला. त्या दिवशी ती जेवली नाही.

मग तिने फोन हातात घेतला. आपण मराठीत टाइप करायचं आणि फोनने ते वाचून दाखवायचं, असं ॲप तिला सापडलं. मी घरातला जुना स्पीकर दुरुस्त करून जोडून दिला. जून महिन्यात शाळा उघडली तेव्हा बाई टेबलाशी बसून टाइप करत होत्या आणि स्पीकर शिकवत होता.

फोनातल्या त्या बाईचा आवाज गोड होता, पण तो पुण्याकडच्या बातम्यांतला. त्यात चढ नाही, उतार नाही. 'अंशाला छेदाने भागा' आणि 'समर्थ, खिडकीवरून खाली उतर' हे दोन्ही ती सारख्याच गोडव्याने म्हणायची. समर्थ कशाला उतरतोय! रोज टाइप करून दमयंतीचे अंगठे दुखायचे. रात्री मी तेल लावून द्यायचो, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसायची.

सगळ्यात अवघड होतं ते पहिलीतल्या सानवीचं. ती जूनमध्येच शाळेत आलेली. मोठ्या मुलांना बाईंचा आवाज आठवत होता, सानवीने तो कधी ऐकलाच नव्हता. तिच्या समजुतीने बाई त्या डब्यात बोलत होत्या. हजेरी घेतली की ती उठायची, स्पीकरला तोंड लावून "हजर" म्हणायची आणि जागेवर जाऊन बसायची. त्याखेरीज दिवसभर एक अक्षर नाही. दमयंती तिच्या शेजारी मांडी घालून बसायची, अक्षर गिरवताना हात धरायची, वेण्या घालून द्यायची. सानवी सगळं करू द्यायची आणि डब्याकडे बघत राहायची.

श्रावणात माझ्या एका सुट्टीच्या दिवशी मी दमयंतीला शाळेत सोडायला गेलो आणि तिथेच थांबलो. त्या दिवशी तिने चौथीसाठी एक प्रयोग ठरवला होता. एक सोललेला नारळ आणि एक सुपारी बाकावर उभं राहून एकदम सोडायची. आधी काय पडेल? झाडून सगळी पोरं म्हणाली, "नारळ!" मीही मनातल्या मनात नारळच म्हणालो, कुणाला सांगू नका.

मनस्वीने बाकावर चढून दोन्ही सोडली. मनस्वी चौथीतली, वाडीच्या देवळात गाऱ्हाणं घालणाऱ्या बाबल्या आजोबांची नात. दमयंतीने फोनवर त्याचं संथ चित्रीकरण केलं आणि पोरांपुढे धरलं. पडद्यावर नारळ आणि सुपारी शेजारी-शेजारी, लग्नाला निघालेल्या जोडप्यासारखी खाली येत होती. दोन्ही जमिनीला एकदमच टेकली.

पोरांचा विश्वास बसेना. "फोन खोटा बोलताय!" समर्थ ओरडला. पुन्हा सोडलं, पुन्हा तेच. "नारळ जड हाय, मग तो आदी नको पडायला?" एकच कल्ला झाला. एक गट नारळाचा, एक सुपारीचा. कुणी म्हणालं मनस्वीने मुद्दाम सुपारी आधी सोडलान. स्पीकर आपल्या गोड आवाजात 'शांत व्हा, शांत व्हा' करत होता आणि त्याला कुणी विचारत नव्हतं.

मी दमयंतीकडे बघितलं. तिने मान वर केली, छाती भरून श्वास घेतला, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. एक हाक, बस्, एका हाकेत खोली गप्प झाली असती. आणि कदाचित ती तिची शेवटची हाक झाली असती. मी दारातून दोन्ही हात हलवले. तिने मला बघितलं. तोंड मिटलं आणि खुर्चीत बसली. इतकी हरलेली मी तिला कधीच पाहिली नव्हती.

ते मनस्वीनेही बघितलं असणार. ती पुन्हा बाकावर चढली. नारळ एका हातात, सुपारी दुसऱ्या हातात. दोन्ही हात तसेच कपाळाशी नेऊन तिने डोळे मिटले आणि थेट आजोबांचा खर्ज काढला.

"बा देवा म्हाराजा!"

खोली चिडीचूप. आमच्याकडे गाऱ्हाणं सुरू झालं की माणूस हातातलं काम टाकतो. देवापुढे एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी रुकार द्यायचा, हे पोरांना बाराखडीच्या आधी येतं. गाऱ्हाणं घालायचं ते बाप्यांनी, पण ही अडचण त्या वेळी कुणाच्या लक्षातही आली नाही.

"आज ह्या शाळंतल्या लेकरांनी नारळ सोडलानी, सुपारी सोडलानी…"

"व्हय म्हाराजा!" सगळ्या खोलीने रुकार दिला.

"नारळ जड, सुपारी हलकी, पन जमीन दोगांना सारकीच वडून घेताय…"

"व्हय म्हाराजा!"

"त्यात कोनाचा इस्वास नसंल तर त्याला उद्या बाकावर चडव, त्याच्या हातून दोनी सोडव, आनी त्याच्या डोळ्यांत उजेड पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठ्याने समर्थ ओरडला, आणि लगेच बाकाकडे धावला, कारण त्याला उद्यापर्यंत दम नव्हता.

दमयंतीने फोन बंद केलेला नव्हता. ते सगळं त्यात उतरलं.

त्या दिवसापासून शाळेची तऱ्हाच बदलली. बाई प्रयोग मांडायच्या, टाइप करून फक्त प्रश्न विचारायच्या. पोरं करून बघायची, भांडायची, पुन्हा करायची, आणि शेवटी एकाने गाऱ्हाणं घालून सांगायचं की आज काय कळलं. चुकीचं सांगितलं तर रुकार मिळायचा नाही. बर्फाच्या पेल्याबाहेर पाणी कुठून येतं त्याचं गाऱ्हाणं झालं, सावली दुपारी का आखडते त्याचं झालं. तिसरीतली पोरं पाव म्हणजे चारांतला एक हे भाकरी मोडून सांगायला लागली. दमयंती त्याचे व्हिडिओ पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची.

नारळ-सुपारीचा व्हिडिओ पडला त्या संध्याकाळी ग्रुप गप्पच होता. दिवसभर कामात असलेली माणसं ती. मग समर्थच्या बापाचा, गौरवचा आवाज आला. तो भांडुपला एका गोदामात असतो. मागे टेम्पो लोड होत असल्याचा खडखडाट, आणि त्यात गौरवची आरोळी, "व्हय म्हाराजा!" पाठोपाठ दुसऱ्या बापाची. मग तिसऱ्याची. कुणी नालासोपाऱ्याहून, कुणी कामावरच्या जिन्यातून. आम्ही दोघं ओट्यावर बसून ऐकत होतो. दमयंतीने माझा हात धरला तो सोडलाच नाही. मलाही रडू आलं, उगाच कशाला लपवू.

गणपतीला मुंबईकर आले. ठरल्याप्रमाणे मीटिंग भरली. पण मीटिंगमध्ये पिवळ्या गाडीचा विषय कुणी काढेना, कारण गौरव बाकावर उभा राहून नारळ आणि सुपारी सोडत होता आणि बाकीचे बाप खाली वाकून बघत होते.

विसर्जनानंतर आम्ही चिपळूणला गेलो. डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली. गाठी विरत आल्या होत्या. "बोला," ते म्हणाले, "पण हळू, आणि दिवसाला थोडंच. तो आधीचा मोठा आवाज मात्र विसरा. तो आता येणार नाही."

मला वाटलं, पहिला शब्द मला मिळणार. बसमध्ये मी तिच्या तोंडाकडे बघत बसलो. घरी आल्यावर चहासुद्धा मीच केला. ती नुसती हसली आणि पाटीवर लिहिलं, 'उद्या शाळेत.' मी रागावून बाहेर फेरी मारून आलो.

दुसऱ्या दिवशी मी तिला सोडायला गेलो आणि दारातच उभा राहिलो. मुद्दाम. मुलं बसली होती. दमयंतीने स्पीकर कपाटात ठेवून दिला. हजेरीची वेळ झाली. सानवी सवयीने उठली, टेबलाशी गेली, आणि डबा दिसेना म्हणून गोंधळून तिथेच उभी राहिली.

दमयंती तिच्यासमोर खाली बसली. बंदरावरचा आवाज गेला होता, खरखरीत, दबका असा काहीतरी उरला होता. त्या उरलेल्या आवाजात ती म्हणाली, "सानवी, हय बस गो बाय माज्याजवळ."

सानवी तिच्या ओठांकडे बघत राहिली. मग हात पुढे करून तिने बाईंच्या गळ्यावर ठेवला.

"बाई," ती म्हणाली, "तुमी माज्या आयेसारख्या बोलताव?"

दमयंतीने मान डोलावली. सानवी तिच्या मांडीवर चढून बसली आणि बोलायला लागली. घरची शेळी व्यायली त्याचं, आजीच्या गुडघ्याचं, समर्थने ओढलेल्या वेणीचं, आणि सुपारीच्या आधी नारळ का पडत नाही त्याचंही. जूनपासून साठलेलं सगळं ती एका दमात सांगत सुटली, आणि प्रत्येक वाक्यानंतर "व्हय ना बाई?" विचारून थांबायची. बाईंना प्रत्येक वेळी "व्हय गो" म्हणावं लागायचं.

संध्याकाळी दमयंती घरी आली तेव्हा डॉक्टरांनी दिलेला दिवसाचा आवाज संपला होता. मला तिने हातानेच खूण केली, चहा ठेवा.