पुढच्याच्या चाकावर नजर

आमच्या घराण्यात सायकल कशी चालवावी हे कुणी कुणाला कधी शिकवलं नव्हतं. ते मी शिकवलं, कारण मी बी.कॉम. झालो होतो.

नव्वदचं दशक तेव्हा अर्धं सरलं होतं. वसईच्या पश्चिमेला बागायतीच्या पट्ट्यात आमची वाडी. केळी, मोगरा आणि बारा महिने विहिरीवरच्या पंपाची धडधड. घरातला पहिला पदवीधर मी, आणि हे मी आजही छाती काढून सांगतो. आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, माझं सर्टिफिकेट फ्रेम करून देवघराच्या बरोब्बर वर लावलं होतं. देवाला हात जोडणारा प्रत्येकजण अर्धा नमस्कार मलाही करून जायचा. वालीवच्या एका कारखान्यात मी ऑफिसात बसायचो. (डोक्यावर पंखा होता. कारखान्यात तो फक्त ऑफिसात होता.)

धाकटी बहीण नंदा बारावीला होती. पुढचं कॉलेज आठ किलोमीटरवर आणि एसटी तिच्या मनाला येईल तेव्हा यायची. नंदा म्हणाली, मी सायकलने जाईन. आप्पांना त्या रस्त्यावर फक्त रेतीचे ट्रक दिसत होते. महिनाभर दोघं एकमेकांशी आईमार्फत बोलत होते, आणि आई दोन्हीकडचे निरोप आपल्या मताप्रमाणे सुधारून पोचवत होती.

जानेवारीत शेजारच्या गावच्या तरुण मंडळाने सायकल मोहीम जाहीर केली. वसई ते वज्रेश्वरी आणि परत. चार जणांचा संघ, आणि चौघंही पोचले तरच संघ पोचला असं धरणार. नंदाने परस्पर आमचं नाव देऊन टाकलं. आता घरात भांडण पेटणार म्हणून मी बाहेर पडायला चप्पल शोधत होतो, तर आप्पा शांतपणे म्हणाले, "जाऊन ये त्या ट्रकांच्या रस्त्यानं. आंगावर ओरखडा नसला तर जूनपासून सायकलीनं कॉलेजात जा. ओरखडा दिसला तर शिक्षन बारावीपर्यंत बास."

मग माझ्याकडे वळून, "आनि तू शिकलेला आहेस. तिला नीट घेऊन ये."

म्हणजे नंदाचं कॉलेज माझ्या हातात आलं. मी जबाबदारी ओळखली आणि ऑफिसातल्या साहेबांकडून एक इंग्रजी मासिक आणलं. त्यात परदेशातले सायकलस्वार लांबच्या रस्त्यावर घोळक्याने कसे जातात यावर मोठा लेख होता. शेजारी डिक्शनरी ठेवून मी तो तीन दिवस वाचला आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर अकरा नियम काढले. एका रांगेत चला. दोन सायकलींत एका सायकलीचं अंतर ठेवा. खड्डा दिसला की पुढच्याने हात खाली करून दाखवावा. मधेच थांबू नका. पुढच्याने मागे वळून बघू नये. आणि सातवा नियम, ज्याच्याखाली मी लाल रेघ मारली होती: पुढच्याच्या मागच्या चाकावर नजर ठेवा, बाकी काही बघू नका.

संघात सर्वांत पुढे अर्थातच मी. माझ्यामागे बाळूकाका, आप्पांचे धाकटे भाऊ. तीस वर्षं सायकलच्या दोन्ही बाजूंना मोगऱ्याच्या टोपल्या बांधून ते स्टेशनला जात होते, त्यामुळे टोपल्या नसल्या तरी ते टोपल्या असल्यासारखेच चालवायचे. अर्धा रस्ता त्यांचा. तिसरी नंदा, कारण मधली जागा सर्वांत सुरक्षित असं मासिकात होतं. शेवटी शेजारच्या वाडीतला माझा शाळासोबती पास्कू. तो लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. मागून गाडी आली की ओरडायला असा दमाचा माणूस शोधून सापडला नसता.

सहाला निघालो आणि साडेसहापर्यंत चौथा नियम सात वेळा मोडला. ओळखीचं माणूस दिसलं की काका करकचून ब्रेक मारून एक पाय टेकायचे आणि घरच्यांची खुशाली विचारायचे. मागून नंदा आणि पास्कू त्यांच्यावर आदळता आदळता वाचायचे. मी नियमाची आठवण करून दिली.

"अरे पन रामभाऊ होता तो," काका म्हणाले. "त्याची सून बाळंत व्हायची आहे. मी काय तोंड फिरवून जाऊ?"

वालीव आलं तेव्हा मला वाटलं, आता ओळखीची माणसं संपली. संपली, पण रस्ताही संपला. प्रत्येक खड्ड्याला मी हात दाखवत होतो. थोड्या वेळाने लक्षात आलं की मी पाच मिनिटं एकाच हाताने सायकल चालवतोय आणि दुसरा हात वर येतच नाहीये. खड्ड्यांऐवजी रस्ता दाखवायचा ठरवला असता तर हाताला आराम तरी मिळाला असता! आमच्या कारखान्याच्या वॉचमनने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या खांद्याची चौकशी केली.

हायवे लागला आणि ट्रक सुरू झाले. एकेक ट्रक असा भोंगा वाजवत जायचा की मला आप्पांचा ओरखडा आठवायचा. मी दर अर्ध्या मिनिटाला मागे वळून नंदा शाबूत आहे का ते बघू लागलो. पुढच्याने मागे बघू नये हा नियम माझाच होता, पण नियम लिहिणाऱ्याला तो लागू नसतो अशी माझी समजूत होती. (ही समजूत मी कॉलेजातच करून घेतली होती.)

एका वळणावर मागून भला मोठा ट्रक आला. पास्कू ओरडला. मी मान वळवली आणि ओरडलो, "नंदा, कडेला घे!" नंदा कडेलाच होती. कडेला नव्हतो तो मी. रस्ता उजवीकडे वळला होता आणि मी सरळ निघालो होतो. तिथे एक म्हशींचा तबेला होता, आणि तबेल्याच्या पुढ्यात, मी ज्या दिशेने चाललो होतो तिथेच, शेणाचा खड्डा होता. त्याला हात दाखवायचा राहून गेला.

मी आत गेलो. एका सायकलीचं अंतर राखून, माझ्या चाकावरची नजर जराही न हलवता, बाळूकाका आत आले.

नंदा नाही आली. ती माझ्या नियमाकडे नाही, रस्त्याकडे बघत होती. आणि पास्कू वाचला, कारण तो नियमाप्रमाणे नंदाच्या चाकाकडे बघत होता. म्हणजे नियम चांगलाच होता. कुणाच्या चाकाकडे बघायचं एवढंच मी लिहायला विसरलो होतो.

काका कमरेएवढ्या शेणात बसून होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "आता कुठला हात दाखवायचा?"

तबेल्यातल्या भैय्याने आम्हाला दोन म्हशींच्या मधे उभं केलं आणि "लाइन में आओ" म्हणून म्हशी धुवायच्या पाइपाने धुतलं. दिवसभरात काका आणि मी एका रांगेत नीट उभे राहिलो ते तिथेच. पास्कू रस्त्याच्या कडेला पोट धरून बसला होता. त्याचा सगळा दम हसण्यात गेला. माझी चेन पडली होती. नंदाने ती बसवली आणि म्हणाली, "आता मी पुढे. दादा, तू सगळ्यात मागे."

मी विचारलं, वासामुळे का?

"नाही. तू सारखा मागे वळतोस. मागे कुणीच नसलं तर बघशील कुणाला?"

यावर मासिकात काहीच नव्हतं. आम्ही निघालो. नंदाने एकही नियम सांगितला नाही. ती खड्डा चुकवायची, तिच्यामागे आम्ही चुकवायचो. सायकलींतलं अंतर राखा म्हणून मी सकाळभर घसा कोरडा केला होता; आता बाकीचे संघ आपणहून आमच्यापासून दहा सायकलींचं अंतर राखून होते. वज्रेश्वरीला गरम पाण्याच्या कुंडात काका आणि मी उतरलो, आणि दोन मिनिटांत ते अख्खं कुंड आमचं झालं.

संध्याकाळी चौघंही परत पोचलो. संघ पूर्ण धरला गेला. पण आप्पा वाडीच्या फाटकात उभे होते आणि त्यांची नजर नंदाच्या मनगटावर गेली. तिथे बोटभर काळी रेघ होती.

काका रस्त्यात कुणी ओळखीचं दिसतंय का ते बघू लागले. आप्पांनी नंदाचा हात हातात घेतला, अंगठ्याने रेघ घासली. पुन्हा घासली. रेघ पसरली.

"वंगन आहे," आप्पा म्हणाले. "कशाचं?"

"दादाची चेन पडली होती. मी बसवली."

मग आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. दोन्ही कोपरं सोललेली, गुडघा फुटलेला, आणि कानात जे होतं ते भैय्याच्या पाइपानेही निघालं नव्हतं. खालून वरपर्यंत पाहून झाल्यावर ते नंदाला म्हणाले, "जूनपासून जा." आणि आत गेले. आत जाऊन ते खूप वेळ हसत होते, असं आईने नंतर सांगितलं. (आई निरोप सुधारून सांगते हे खरं, पण हा तिने सौम्य केला असावा.)

जूनमध्ये नंदाचं कॉलेज सुरू झालं. मोठा भाऊ आणि पदवीधर म्हणून पहिले काही दिवस तिला सोबत करणं माझं कर्तव्य होतं. दोन दिवस मी ते पार पाडलं. तिसऱ्या दिवशी ती वाटेतच थांबली, मी धापा टाकत पोचेपर्यंत वाट बघितली आणि म्हणाली, "दादा, तू घरी जा. तुला सांभाळून नेलं की माझं पहिलं लेक्चर बुडतं."

मी मुकाट्याने परत फिरलो. लेक्चर बुडण्याचं गांभीर्य आमच्या घरात फक्त मलाच कळत होतं.