सीताबाईचा खुबा

सीताबाई मिठागरात राबलेली बाई. साठी उलटल्यावरही डोक्यावर पाटी घेऊन पेणमध्ये दारोदार मीठ विकायची आणि दमली की माझ्या ओट्यावर चहाला बसायची. १९९६च्या मे महिन्यात ती बांधावरून घसरली आणि तिचा खुबा मोडला. पेणच्या एका दवाखान्यात सर्जननी मोडलेला गोळा काढून धातूचा बसवला. "हा टिकला तर ती चालेल. जखमेतून थेंबभर पाणी आलं, तरी त्याच दिवशी आणा," असं त्यांनी मुलाला, जनूला, माझ्यासमोर बजावलं होतं.

टाके निघाल्यावर जनूने तिला रोह्याला आपल्या खोलीवर नेलं. तिथे तो कंपनीत शिफ्टला जायचा. पंधरवड्याने मी एसटीने भेटायला गेले, तर दारातच वास आला. जखमेवरची चिंधी पिवळी, ओलीकच्च.

"हे कधीपासून?"

"आल्यापासून. घान भायेर पडतेय बाय, बरंच हाय. मी रोज मिठाच्या पान्यानं धुतेय."

"आणि ताप?"

"कॅप्सुला घेतल्या का उतरतो." वर हसते! "माजा जनम मिठात गेला. मिठातला म्हावरा कदी नासतो काय?"

"तू मासळी नाहीस, सीताबाई!"

"तुमी शिकल्याली मानसं लय भ्येता."

जनू कामावरून आला. "रजा नाय काकी. रविवारी नेतो."

"मग जखमेला सांग, रविवारपर्यंत थांब म्हणून!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच जीप ठरवली. नागोठण्यापर्यंत सीताबाई खड्ड्याखड्ड्याला मला शिव्या देत होती.

पेणला सर्जननी पट्टी उघडली आणि ते जनूवर नाही, माझ्यावरच ओरडले. पू सुरू झाला तेव्हाच आणली असती, तर आतून धुऊन गोळा वाचवता आला असता. कॅप्सुलांनी नुसता ताप दबला. आत सगळं पसरत गेलं. ऑपरेशनच्या टेबलावर गोळा हलताना दिसला. काढावा लागला.

आता ती पेणलाच असते. तिचा तो पाय आखूड आहे. काठी टेकत ती अंगणापर्यंत येते, त्यापुढे नाही. पाटी सून नेते. येणाऱ्याजाणाऱ्याला सीताबाई सांगते, "डाक्टरनं हलका माल बसवला, गंजला."

हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी तिला सगळं पहिल्यापासून सांगायला लागते. ती शांतपणे ऐकून घेते आणि म्हणते, "व्हय, पन लोखंडच ना तो?"