निळ्या हाताचा फोटो

"उचला ती बादली. सगळ्यांसमोर उचला."

मोठ्या बाई स्टाफरूमच्या दारात उभ्या होत्या. किला गेट भागातली आमची शाळा त्यांच्या लष्कर भागातल्या शाळेत विलीन झाली आणि त्यांच्या हाताखाली दोन शिपाई बायका आल्या. मी आणि शांती. दोघींपैकी एकच टिकणार, हे त्या येता-जाता ऐकवायच्या.

माझं उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, एक्स-रे स्वच्छ. पण हात आतून जळायचा. पदर घासला तरी जीव जायचा.

मी बादली उचलली. ती सुटली. पाणी एका मास्तरांच्या बुटांवर. सगळे हसले.

"नौटंकी!" बाई म्हणाल्या. "आमचे आजोबा महाराजांच्या दरबारात बसायचे. तुमच्या घरचे दारात भाले घेऊन उभे असायचे. कुरकुर न करता."

मी फरशी पुसली. खरंच नाटक करतेय की काय, असं माझं मलाच वाटून गेलं. तेच जास्त लागलं.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी मला गार खोलीत बसवलं. दोन्ही हात उघडे, कशाला टेकवायचे नाहीत. मग उष्णता टिपणारा कॅमेरा लावला. पडद्यावर डावा हात लाल-पिवळा. उजवा मनगटापासून निळा.

"कॅमेऱ्याला दुखणं दिसत नाही, गार-गरम दिसतं," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही सांगताय त्याच्याशी हे जुळतंय. मार लागल्यावर नसा कधी कधी अशा बिघडतात. अजून तपासू, इलाज करू."

मी ढसाढसा रडले.

डॉक्टरीणबाईंनी दिलेला तो फोटो मी मोठ्या बाईंना दाखवला. "हे आधी दाखवायचं ना! आता मानलं. तुम्ही नुसत्या गेटवर बसा." मग हिंदी बोलणाऱ्या शांतीकडे वळल्या. शांतीची कमर कधीची धरलेली. "तू भी पहले ऐसा फोटो ला, फिर मानूँगी. तब तक इसकी बाल्टियाँ भी तू उठा."

शांतीने बादली उचलली. तिच्या कमरेचा फोटो निळा येईल, न येईल. दुखतं तर आहेच.

माझं डोकं सणकलं. मी बाईंच्या हातातून फोटो काढून घेतला.

"हा डॉक्टरसाठी आहे. माझा हात मी सांगितलं तेव्हाच दुखत होता. शांती सांगतेय, तिची कमर दुखतेय. बस."

"नोकरी जाईल."

"दोघींची घालवा. तक्रारही दोघींची येईल."

शांतीच्या हातातली बादली मी डाव्या हाताने घेतली आणि बाईंच्या पायाशी ठेवली. तिथून ती आम्ही दोघी उचलणार नाही.