एक्स-रेच्या दाराशी

भाईंदर पश्चिमेच्या एका जुन्या दवाखान्यात, एक्स-रेच्या खोलीबाहेर तिथला वॉर्डबॉय बसलेला असायचा. खांद्याच्या दुखण्यापायी माझ्या तिथे बऱ्याच खेपा झाल्या, पण त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

मान एका बाजूला टाकून, डोळे अर्धे मिटून तो चिठ्ठ्या घ्यायचा. टेम्पोवाला म्हणाला, "एक्सरा निकालना है," की हा म्हणे, "एक्सरा अंदर होगा, बैठो." जवळच्या मोरवा गावची आजी "एसकरा" म्हणाली की ह्याचाही एसकरा. चष्मेवाल्या मॅडमनी "एक्स-रे" म्हटलं की हाही स्वच्छ "एक्स-रे" म्हणणार.

मला वाटायचं, हा नकला करतोय. रागच यायचा. एकदा बाकावर बसून बसून वैतागलो आणि विचारलंच, "आजारी लोकांची कसली मस्करी करता हो?"

त्याने दोन्ही हातांनी डोळे चोळले.

"मस्करी नाय ओ. मागे एका हॉस्पिटलात माझी आई एसकरा बोलली, तर तिथली काउंटरवरची पोरगी हसली. जोरात पण नाय, जरासंच. मग आईने तोंडच उघडलं नाय. डॉक्टरने इतकं विचारलं, तरी कुठं दुखतंय ते तिने सांगितलं नाय."



तेवढ्यात पाली गावातली एक कोळीण कंबर धरून आली. चिठ्ठी पुढे करत म्हणाली, "एक्सरं काराचा हाय."

मान तशीच कलती ठेवून तो थकल्या आवाजात म्हणाला, "एक्सरं काढू, मावशी. आधी सांगा, कुठं दुखतंय?"