दांड्यावरचा उंदीर

प्रयोगशाळेत तिला सगळे मावशी म्हणत. तशी ती तिथं कुणाचीच मावशी नव्हती, पण पांढरे उंदीर तिच्या हातावर इतके निवांत बसत, की नाव चिकटलं ते चिकटलंच. बाहेर ती काम सांगायची नाही. "उंदरांना दांड्यावर चालवते" म्हटलं की लोक सर्कशीच्या गोष्टी काढायचे.

काम मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. कोकेनचं व्यसन सोडवायला एक नवं इंजेक्शन तयार झालं होतं. त्यातून शरीरात एक जनुक जायचं आणि मग यकृतच कोकेन मोडणारा पदार्थ बनवू लागायचं. नशा मेंदूपर्यंत पोचायच्या आतच विरून जायची. उंदरांना गुण तर आला होता. पण या औषधाने हातपाय लुळे पडले तर? म्हणून तो फिरता दांडा. त्याचा वेग वाढत जातो, उंदीर वर चालत राहतो आणि दमला की खाली पडतो. कुणाला औषध टोचलंय आणि कुणाला नुसतं मिठाचं पाणी, हे मावशीलाही सांगत नसत आणि तिच्या मॅडमनाही. माहीत असलं की डोळे हवं तेच बघतात. माणसाची जातच लबाड.

आणि मावशीचं तर घरच त्यात अडकलेलं. तिचा धाकटा भाऊ ट्रकचा मेकॅनिक. कोकेनपायी नोकरी गेली, बायको माहेरी गेली. सोडायचा, पुन्हा धरायचा. माणसांवर चाचण्या सुरू झाल्या की त्याचं नाव द्यायचं, असं बहीणभावांनी केव्हाच ठरवलं होतं.

त्या दिवशी शेपटीवर निळी खूण असलेला उंदीर दांड्यावर चढला आणि लगेच डगमगला. मागचा पाय घसरला. याला औषधच टोचलंय, असं मावशीने मनाशी धरलं आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत बोटाने त्याला हलकेच वर सारलं. उंदीर सावरला, झकास चालला. जेवणाच्या सुट्टीत मात्र तिने डबा न उघडताच बाजूला ठेवला. ती उठून मॅडमकडे गेली.

"मॅडम, निळ्या शेपटीवाल्याला मी हात दिला."

मॅडमनी चष्मा काढला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आणि याला पाणीच टोचलेलं असलं तर? पाणीवाले चांगले चालले म्हणजे औषधवाले लंगडेच दिसणार. औषधावरच घाव घातलात की हो! आता सगळ्यांची चाचणी पुन्हा. आणि ती तुम्ही घ्यायची नाही."

घरी भाऊ ओट्याखाली वाकून नळ दुरुस्त करत होता. तिने सगळं सांगितलं आणि तिला रडूच फुटलं.

"तुझं लवकर व्हावं म्हणून केलं रे. आता आणखी लांबलं."

त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "ताई, उद्या ते मलाच टोचणार ना? पडतोय तर पडू दे की त्याला. माझे पाय गेले, तर जन्मभर तुलाच सारत बसावं लागेल मला."