लोण्यासारखं फिरणारं हेड

दुकानदारानं ट्रायपॉडवर कॅमेरा बसवून फिरवायचं फ्लुइड हेड काउंटरवर ठेवलं आणि माझ्या आधी माझ्या वडिलांनीच हात घातला. एका बोटानं दांडी ढकलून बघितली. ती जेमतेम हलली. "हे जाम हाय," म्हणाले, आणि वर दुकानदाराला ग्रीस घालायचा सल्ला देऊन मोकळे.

मी लग्नाबिग्नाचे व्हिडिओ करून पोट भरते. ते जाम नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. कॅमेरा संथ फिरवायचा तर हेडनं हाताला जरा विरोध करावाच लागतो, आत दाट तेल भरलेलं असतं ते त्यासाठीच. हे मी सांगितलं की! पण शिरोली एमआयडीसीत अख्खा जन्म लेथ चालवलेला माणूस तो. सुळकन फिरतं ते चांगलं, अडतं ते भंगार, एवढंच त्यांना माहीत. म्हणाले, बेरिंग टाकून मीच करतो, लोण्यासारखं फिरंल. आणि मी मूर्खासारखी रिकाम्या हातानं दुकानाची पायरी उतरले.

हेड हवं होतं ते त्यांच्याच निवृत्तीसाठी. त्यांच्या शेडमध्ये एक रीत आहे. निवृत्त होणारा माणूस आपलं मशीन बंद करतो आणि गेटाकडे चालत सुटतो. तो ज्याच्या समोरून जाईल तो आपलं मशीन बंद करतो. गेटाशी पोचेपर्यंत सगळी शेड गप्प झालेली असते. हे एकदाच घडतं, पुन्हा करा म्हणता येत नाही. मला ते लेथपासून गेटापर्यंत एका सलग शॉटमध्ये हवं होतं.

आठ दिवस ड्युटी संपल्यावर थांबून त्यांनी हेड बनवलं. दिसायला देखणं, खोटं कशाला बोलू. पण फुंकर मारली तरी गरकन फिरायचं, आणि स्क्रू आवळला की ठार अडायचं. मी घरी फिरवून दाखवलं. तुझ्या हाताला सवय न्हाय, म्हणाले. मैत्रिणीचं चांगलं हेड मिळत होतं, ते आणते म्हटलं तर आई मध्ये पडली. बापानं एवढ्या हौसेनं केलंय, मन मोडू नको. मन मोडू नको! या तीन शब्दांनी आमच्या घराचं जेवढं वाटोळं केलंय तेवढं भांडणांनीही केलं नसेल. मी मैत्रिणीला नको म्हणून कळवलं.

त्या दिवशी पप्पांनी लेथ बंद केला, टोपी सारखी केली आणि चालायला लागले. मी दांडी हलवली तर कॅमेरा त्यांच्या पुढं पळाला. मागं ओढला तर त्यांना सोडून मागंच गेला. स्क्रू आवळला तर धक्के खात सरकायला लागला. इकडं एकेक मशीन बंद होत होतं, माणसं डोळे पुसत होती, आणि मी घामाघूम होऊन त्या लोखंडाशी झुंजत होते. शेड अगदी शांत झाली तेव्हा माझ्याच तोंडून निघालेली शिवी व्हिडिओत स्वच्छ ऐकू येते.

संध्याकाळी घरच्या टीव्हीवर लावलं. पप्पांनी ते शेवटपर्यंत बघितलं. मग म्हणाले, "गेटापाशी मी मागं वळून बघितलं हुतं. ते कुठं हाय?"

त्या वेळी कॅमेरा भिंतीवरच्या स्विचबोर्डाकडे होता.

माझं डोकंच फिरलं. दुकानातलं, बेरिंगचं, आईचं, सगळं ओरडून ओरडून काढलं. तुमच्या हट्टापायी तुमचाच दिवस मातीत गेला, असंही बोलले. आई उठून आत गेली. पप्पांनी मला थांबवलं नाही. माझं बोलून संपल्यावर त्यांनी टीव्ही बंद केला.

"माझ्या लेथला मी मालकालाबी कधी हात लावू दिला न्हाय," ते म्हणाले. "तुझ्या कामात तू मला हात का घालू दिलास?"